बोलणं ऐकू येईल अशी जागा

रविवार, १८ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निदान आजच्यापुरता माझा नमस्कार तुझ्यापर्यंत पोचला असं मी धरतो. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी दुसऱ्याच वाक्याला मला तोडतेस, लहानपणापासूनची सवय आहे तुझी, आणि मला मुद्द्यावर यायलाच चार पानं लागतात. म्हणून पत्र.

गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी चांगला पाय वर टाक, मग दुखरा. अनुभवाने सांगतोय. मी पाचव्या मजल्यावर राहतो आणि इमारतीत लिफ्ट असून जिन्याने चढतो. ज्याने वीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या तोच धापा टाकत जिना चढतो म्हणून शेजारी हसतात. हसोत बापडे. कंपनीतही मी आता लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरत नाही. गोदामात बसतो, कोणी मागेल तो सुटा भाग काढून देतो. बाकी तब्येत बरी. केस होते तेवढे गेले.

तुझ्या गुडघ्याचं मला कसं कळलं, असं तुझ्या मनात आलं असेल. बारकीने सांगितलं. तुझी लेक गेल्या सोमवारी माझ्याकडे आली होती. तिच्यावर रागावू नकोस. तीन वर्षांत पहिल्यांदाच आली. गोदामाच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मामा, शुक्रवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. कुठेतरी बसू या का? तू आणि बाबा बसायचात तसं."

मी म्हटलं, "बसू या म्हणजे? चहाला?"

"मामा, मी सव्वीस वर्षांची आहे. एक बिअर घेतली तर काही बिघडत नाही. जागा तू निवड. झगमगाट नको, साधीशी बघ. आणि मुख्य म्हणजे गोंगाट नको."

जागा निवडणं हे माझं खातं, हे तुला नव्याने सांगायला नको. "जागा तूच निवडायचास ना?" असं तू दारात उभी राहून मला म्हणाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. त्याच्यावर येतो, पण जरा दमाने.

बार निवडणं लोकांना सोपं वाटतं. माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांत पाच आहेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन संध्याकाळी मी कामावरून सुटून त्यातला एक सोडून बाकीचे पुन्हा हिंडून आलो. आत गेलो नाही, नुसता दारात उभा राहून कान दिला. बसथांब्यासमोरच्या बारमध्ये भिंतीवर तीन टीव्ही आहेत. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, टीव्हीतल्या पंचाशी भांडतात. बँकेच्या मागे एक नवा झालाय, सगळ्या भिंती काचेच्या, खाली गुळगुळीत फरशी आणि छत हे उंच. तिथे कोणाचा काटा खाली पडला तर मी दारात दचकलो. लाँड्रीशेजारचा स्वस्त, माणसंही सज्जन, पण खुर्च्या नाहीत, उंच स्टुलं आहेत. अशा स्टुलावर माणूस बसत नाही, वाळत घातल्यासारखा लटकतो. एके ठिकाणी दर शुक्रवारी कोणी गिटार घेऊन गातो. वाईट गातो असं नाही, उलट बरा गातो, हीच अडचण. लोक टाळ्या वाजवतात.

मग उरला कोपऱ्यावरचा. तिथे पूर्वी पुस्तकबांधणीचं दुकान होतं. लाकडी छत, खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर जुनं जाजम. बिअर जेमतेम थंड, दाणे निम्मे खवट. मालकीणबाई साठीच्या आहेत आणि जिभेने तिखट. टेबलावर आवाज चढला की त्या न मागता बिल आणून ठेवतात आणि म्हणतात, "ओरडायचं तर घरी जा, घर त्याच्यासाठीच असतं." निवांत जागा म्हणतात ती ही. भाऊजी आणि मी शेवटची चार वर्षं दर शुक्रवारी तिथेच बसायचो, साडेसहा ते आठ. तीन वर्षांत मी त्या रस्त्याने गेलो नव्हतो. शुक्रवारी सहालाच जाऊन उभा राहिलो आणि बारकी येईपर्यंत बाहेरच उभा होतो.

तू म्हणशील, हा ताकाला जाऊन भांडं लपवतोय. लपवतोय खरा.

बारकी आली, सरळ आत गेली, मला न विचारता कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली आणि भिंतीकडची खुर्ची ओढून बसली. डावा खांदा भिंतीला, तोंड माझ्याकडे. ती भाऊजींची खुर्ची. भाऊजी अगदी तसेच बसायचे. ताई, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, रक्त कसं बरोबर जागा शोधतं बघ. मी मूर्खासारखा रुमाल काढून चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात मालकीणबाई तिच्या पाठीमागून आल्या आणि विचारलं, "ग्लासात देऊ की बाटली आणू?"

बारकी गोड हसली आणि म्हणाली, "हो."

मालकीणबाईंना गंमत वाटली. "दोन्ही आणते मग," म्हणून त्या गेल्या. बिअर आली. मी ग्लास उचलून तोंडासमोर धरला, ओठ झाकले, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?" मला कळत होतं मी काय करतोय. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हो ना." मी ग्लास खाली ठेवला. तिच्याकडे बघत तेच पुन्हा विचारलं. तेव्हा तिने गुडघ्याचं सगळं सांगितलं, जिना, सूज, तू गोळ्या घेत नाहीस ते. माझं लक्ष मात्र त्यात नव्हतं.

मग मी म्हटलं, "किती दिवस झाले?"

तिने कशाचे असं विचारलं नाही. म्हणाली, "दीड वर्ष."

ती नवजात बाळांच्या वॉर्डात आहे, तू तर अभिमानाने सगळ्यांना सांगतेस. तिथे काचपेटीत ठेवलेल्या बाळांना यंत्रं लावलेली असतात. बाळाचा श्वास अडला की यंत्र बारीक आवाजात पिकपिक करतं. तिला तो आवाज ऐकू येत नाही. बारीक आवाज आधी जातात म्हणे. "मी दिवे बघते, मामा. प्रत्येक यंत्राला लाल दिवा असतो. मी सारखी फिरत राहते, म्हणून मोठ्या सिस्टर म्हणतात, ही पोरगी बसतच नाही, किती कामाची." हे सांगताना ती हसत होती. मागच्या महिन्यात एकदा ती पाठमोरी औषध मोजत होती आणि मागे दिवा लागला. दुसरी नर्स पळत आली. बाळाला काही झालं नाही. बारकी हे दोनदा म्हणाली, काही झालं नाही.

मग म्हणाली, "आईला सांगू नकोस. बाबांच्या वेळी तिने काय कमी सोसलं? मला वॉर्डातून काढतील, मामा. मला दुसरं काही येत नाही. सांगणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."

मग ग्लास फिरवत, ज्याच्यासाठी आली होती ते तिने विचारलं. "बाबांनाही असंच होतं का? ते माझ्या तोंडाकडे बघत असायचे. मला वाटायचं, लाडाने."

आणि मी म्हटलं, "छे. त्यांचे कान तर चोराचे होते."

तिचा चेहरा एकदम सैल झाला, ताई. तिने उरलेली बिअर संपवली, मी तिला रिक्षात बसवलं, आणि घरी येऊन पाच मजले चढून जिन्यातच बसलो.

आता इथे थांबतो. पुढचं आज लिहवणार नाही.

सोमवार, सकाळ

ताई, भाऊजींना ऐकू येत नव्हतं. शेवटची चार वर्षं. तुझ्या सासऱ्यांचं झालं तेच, फक्त सासऱ्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपण त्यांची नक्कल करून हसायचो. भाऊजींना ते हसू आठवत असणार. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. तू म्हणायचीस, "माझं बोलणं या माणसाच्या कानापर्यंत जातच नाही." आम्ही दोघं त्यावर हसायचो. ते अक्षरशः खरं होतं.

मला कळलं ते कामावर. आम्ही दोघं लिफ्टवर जोडीने काम करायचो. मी वर मशीनच्या खोलीत, ते खाली केबिनच्या टपावर. नियम असा की वरच्याने हाक द्यायची आणि खालच्याने ओ दिल्याशिवाय केबिन हलवायची नाही. एकदा मी तीनदा हाक दिली, उत्तर नाही. खाली जाऊन बघतो तर महाराज शांतपणे नट आवळतायत. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं. त्या शुक्रवारी ते म्हणाले, "शाफ्टमधून काढतील मला. बारकीचं नर्सिंग व्हायचंय. तुझ्या बहिणीला सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही सांगणार." काल लिहिलेलं वाक्य परत लिहितोय असं तुला वाटेल. मलाही शुक्रवारी तसंच वाटलं, पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

मग मी कामाला लागलो. केबिन ज्या लोखंडी रुळांवर वरखाली होते, त्या रुळावर मी हातोडीने ठोकायचो आणि ते तळवा टेकवून ओळखायचे. दोन ठोके म्हणजे हलवतो, तीन म्हणजे थांबा. ते उलट ठोकायचे. आमची जोडी कंपनीत सगळ्यांत चोख समजली जायची. आणि संध्याकाळसाठी मी जागा शोधायला लागलो. गोंगाट असला की त्यांना काहीच कळायचं नाही, ते खुळ्यासारखे हसत बसायचे, आणि मला ते बघवायचं नाही. म्हणून कोपऱ्यावरचा बार. म्हणून भिंतीकडची खुर्ची. तुला वाटायचं, मी तुझ्या नवऱ्याला दारूच्या नादाला लावतोय. आम्ही दोन ग्लास घ्यायचो ताई, तेही जेमतेम. तिथे त्यांना दीड तास माणसात असल्यासारखं बसता यायचं.

आणि एक गोष्ट मी त्यांना शिकवली. मालकीणबाई काही विचारायच्या, शेजारच्या टेबलावरचा कोणी काही बोलायचा, भाऊजी गोंधळायचे. मी म्हटलं, "सोप्पं आहे. काही कळलं नाही तर हसायचं आणि हो म्हणायचं. हो म्हटलेलं कोणालाच खटकत नाही." आम्ही खूप हसलो होतो त्यावर. पुढे ते इतके पटाईत झाले की मलाही कधी कधी कळायचं नाही. घरात तुझ्याशीही तेच करत असणार. बारकीने ते कुठून उचललं, मी सांगायला नको.

आता तो शनिवार.

आदल्या संध्याकाळी आम्ही बसलो होतो, नेहमीसारखे. माझी दाढ ठणकायला लागली म्हणून लवकर उठलो. शनिवारी सकाळी गाल सुजला आणि मी कामावर कळवलं की येत नाही. मला माहीत होतं की त्यांना दुसरा जोडीदार देतील. त्या जोडीदाराचा नंबर माझ्याकडे होता. फोन हातात होता. एवढंच सांगायचं होतं की हाक मारू नकोस, रुळावर ठोक. पण मग तो का म्हणून विचारणार, आणि चार वर्षं झाकलेलं उघडं पडणार. मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न. फोन ठेवला आणि गालाला बर्फ लावून झोपलो.

जोडीदाराने सगळं नियमाप्रमाणे केलं. भाऊजी टपावर ओणवे होऊन, डोकं कडेबाहेर काढून रुळाला तेल लावत होते. त्याने वरून विचारलं, "मोकळे झालात का?" भाऊजींना नुसता घुमलेला आवाज आला असेल. खालून उत्तर आलं, "हो." त्याने केबिन हलवली, आणि त्यातच भाऊजी गेले.

तो गडी चौकशीत रडून सांगत होता, साहेब, ते हो म्हणाले, मी स्वतः ऐकलं. साहेबांनी मला विचारलं, आदल्या दिवशी पिणं झालं होतं का? मी म्हटलं, दोन दोन ग्लास. मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही. शुद्धीतला माणूस डोकं बाहेर असताना हो कसा म्हणेल, असा हिशेब सगळ्यांनी केला आणि कागदावर तसंच आलं. तुलाही तसंच कळवलं. आणि मी मूग गिळून बसलो.

तू दारात म्हणालीस, "जागा तूच निवडायचास ना? आता एकटाच बस तिथे." आणि दार लावलंस. ताई, तू मला चुकीच्या गुन्ह्यासाठी घराबाहेर काढलंस. मी एक शब्द न बोलता जिना उतरलो, कारण खरा गुन्हा त्याहून मोठा होता, आणि तो कोणी विचारतच नव्हतं.

त्या चार वर्षांत मी का नाही बोललो, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. शब्द दिला होता, बारकीचं शिक्षण होतं, ही सगळी कारणं खरी आहेत आणि तोंडदेखली आहेत. खरं असं आहे की मला ते आवडायचं. मी घरातलं शेंडेफळ, कोणत्याच कामाचा नाही असं सगळ्यांचं मत, तुझंही. आणि एका माणसाला मी नसलो तर जग ऐकू येत नव्हतं. ते सुख मला सोडवलं नाही. मला फार लाज वाटते हे लिहायला.

आता बारकी.

मी हे तिला सांगणार नाहीये की मी तुला लिहिलंय. सांगितलं तर ती टपाल तुझ्याआधी उचलेल. तिला कळेल तेव्हा ती माझं तोंड बघणार नाही. तीन वर्षांनी एक माणूस आपणहून माझ्या खिडकीशी आलं होतं, तेही मी आज घालवतोय. घालवतो. आज ही चौथी वेळ आहे की मला काहीतरी सांगायचं होतं, आणि पहिल्या तिन्ही वेळा, त्या शनिवारी फोनपाशी, चौकशीत आणि तुझ्या दारात, मी गप्प बसलो.

पत्र तुला बुधवारी मिळेल. बुधवारी तिला सुट्टी आहे. गुरुवारी सकाळी सातला ती पुन्हा वॉर्डात उभी राहील. तुझ्या हातात एकच संध्याकाळ आहे. तिला समोर बसव, दिवा तुझ्या चेहऱ्यावर येईल असा. रागावू नकोस, कारण रागावलीस की तू तोंड फिरवून बोलतेस आणि मग तिला काही कळणार नाही. कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. वॉर्डात तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर कदाचित तिला दुसरं काम देतील, कागदोपत्रीचं, औषधांचं, काहीही. ती तुला म्हणेल की मला सगळं ऐकू येतं. तेव्हा तू ओठ झाकून तिला काहीतरी विचार. मी केलं तसं. ते बघताना तुझ्या काळजाचं पाणी होईल, पण बघ.

आणि तुझ्याने हे झालं नाही, किंवा माझं अक्षर बघून तू हे पाकीट फाडून टाकलंस, तर त्याचाही विचार मी केलाय. गुरुवारी सातच्या आधी मी रुग्णालयाच्या फाटकाशी उभा असेन. ती आली नाही तर तू वाचलंस असं समजून मी गोदामात जाईन. ती आली तर मी तिच्या मागोमाग आत जाऊन मोठ्या सिस्टरांना सगळं सांगेन, तिच्यासमोर, तिला माझे ओठ दिसतील असं.

माफी मागत नाही. ती देण्यासारखी गोष्ट नाही, आणि मी मागितली तर तुला नाही म्हणायचं आणखी एक काम होईल. बारकी म्हणाली की घरात तू भाऊजींचं नाव घेत नाहीस. "तो माणूस" म्हणतेस, तेही दारूबद्दल बोलायचं असलं की. तीन वर्षं तू त्यांच्यावर रागावून काढलीस. त्यातला एकही दिवस त्यांच्या वाट्याचा नव्हता.

त्या सकाळी भाऊजी पूर्ण शुद्धीत होते, ताई. त्यांना फक्त ऐकू आलं नाही, आणि ते मला माहीत होतं.

तुझा आणि त्यांचा अपराधी,
धाकटा